रफाराची जागा

माझ्या सुनेने स्टिकरचं दुकान टाकायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांत आधी विरोध केला तो मी, आणि दुकान सुरू झाल्यावर सगळ्यांत आधी तिथे खुर्ची टाकून बसलो तोही मीच. माणसाने आपल्या मतांना इतकं चिकटून राहू नये.

मी रंगनाथ. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गुरुजी होतो. आधी चांदवडकडे, मग कळवण, शेवटी इगतपुरी. गेल्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्त शिक्षकाचं खरं दुःख पेन्शनच्या कागदपत्रांचं नसतं, तपासायला वह्या नसतात हे असतं. लाल पेन खिशात तसंच राहिलेलं. मग मी मिळेल ते तपासायला लागलो. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, दवाखान्याची पाटी, फरसाणाची पिशवी. एकदा आमच्या सोसायटीच्या नोटिशीत सात चुका काढून ती परत बोर्डावर लावली, तेव्हापासून सेक्रेटरी माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी.

माझी सून हर्षाली लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायची. आठ वर्षं तिने दुसऱ्यांच्या लग्नातल्या काकूंची नावं टाइप केली. एक दिवस जेवताना म्हणाली, "मला आता स्वतःचं काहीतरी करायचंय. स्टिकर."

"स्टिकर?" मी म्हणालो. "म्हणजे वहीवरचे?"

"वहीवरचे, बाटलीवरचे, हेल्मेटवरचे. पण मुख्य म्हणजे गाड्यांवरचे. आडगाव नाक्यावर आपलं घर आहे बाबा. समोरून हायवे जातो. दिवसाला किती गाड्या जातात बघा, आणि प्रत्येकीच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं असतं. ते कुणीतरी लिहीत असेलच ना?"

माझा मुलगा शेखर इथेच नाशकात, सातपूरच्या कंपनीत आहे. त्याने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी मान हलवली. मी म्हणालो, चांगली नोकरी सोडून कागद चिकटवत बसायचं हे काही पटत नाही. हर्षाली हसली आणि पुढच्या आठवड्यात खालच्या पार्किंगमध्ये शटर बसवून घेतलं.

दुकानाचं नाव ठेवलं 'चिकटू स्टिकर्स'. शेखर म्हणाला, "हे माझ्यावरून ठेवलंय का?" ती म्हणाली, "तू चिकटू असतास तर दुकान कशाला टाकलं असतं?" मी 'अक्षरशिल्प' सुचवलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

दुकानात एक कापायचं मशीन. त्यात चिकट कागदाचा रंगीत रोल घालायचा, कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची, बटण दाबलं की मशीनचं पातं रोलवर सरसर फिरतं. मग अक्षरांच्या भोवतीचा जास्तीचा रोल चिमट्याने सोलायचा, म्हणजे नुसती अक्षरं राहतात. गिऱ्हाईक मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरतं, रेडियम. "ताई, रेडियम टाकायचंय." चमकणारं असो नसो, सगळं रेडियमच.

सोलायचं काम मी उचललं. हात स्थिर, दुपार रिकामी. 'ण'च्या पोटातला तुकडा न फाटता काढणं ही कला आहे, हे मी अनुभवाने सांगतो. शिवाय दुकानाबाहेर एक फळा टांगला आणि रोज सकाळी त्यावर सुविचार लिहायला लागलो. त्याचा धंद्याला उपयोग शून्य, पण माझी सकाळ चांगली जायची. हर्षाली फळ्याकडे बघून म्हणायची, "बाबा, तुमचा 'द' म्हणजे मांजराने शेपूट उडवल्यासारखा." माझ्या 'द'चं शेपूट पहिल्यापासून वर वळतं. त्याला मी काय करणार?

इथवर सगळं ठीक होतं. गडबड झाली ती लाल पेनामुळे.

पहिला आला तो दूधवाला. त्याला टेम्पोवर 'ताजे दुध' हवं होतं. मी म्हणालो, दूध दीर्घ. तो म्हणाला, "आमचं ऱ्हस्वच राहू द्या मास्तर." मी म्हणालो, असं कसं? मग त्याने विचारलं, "'दुधात पाणी' लिहिताना कसं लिहिता?" मी म्हणालो, तिथे ऱ्हस्व. तो म्हणाला, "मग पाणी घातलं की चालतं, नाही घातलं की चालत नाही?" आणि निघून गेला. नंतर शाळेच्या व्हॅनवाला आला, 'सुरक्षीत अंतर ठेवा'. त्याला मी 'सुरक्षित'वर दहा मिनिटं सांगितलं. त्याने माझ्यापासून सुरक्षित अंतर ठेवलं, पुन्हा आला नाही.

पण खरा शत्रू एकच. 'आर्शिवाद'. दहातल्या आठ गाड्यांना तोच हवा. आईचा आर्शिवाद, आई-वडिलांचा आर्शिवाद, आजोबांचा आर्शिवाद. रफार जो 'वा'च्या डोक्यावर हवा तो 'शि'च्या डोक्यावर, आणि 'शी'ची दुसरी वेलांटी पहिली होऊन बसलेली. या शब्दाचा मला विशेष राग आहे. कारण आहे, पुढे सांगतो. मी प्रत्येकाला सांगायचो, अरे, आशीर्वाद! आणि प्रत्येक जण मला बाहेर नेऊन हायवेवरच्या गाड्या दाखवायचा. "ते बघा काका, सगळ्यांचं असंच आहे. तुमचंच वेगळं आहे." एकाने तर दया येऊन सांगितलं, "जाऊ द्या काका, वयानं होतं असं."

हर्षाली सुरुवातीला हसायची. मग हसणं कमी झालं. एक दिवस दुपारी तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्टूल ओढून बसली.

"बाबा, या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं परत गेली. तिन्ही व्याकरणामुळे."

"चुकीचं लिहून देणं हे पाप आहे."

"दुकान बंद पडणं हे काय आहे?" ती म्हणाली. "बघा, शेखरच्या कंपनीत ऑफिसात एक जागा आहे. दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचंय. गाड्यांच्या धंद्यात दसरा म्हणजे दिवाळी. सगळे गाडी पुजतात, नवं रेडियम टाकतात. दसऱ्याला जमलं तर दुकान राहील, नाही तर मी सातपूरला जाईन. मला जायचं नाहीये बाबा."

शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली. मला माझी दोन वाक्यं सुचली होती, ती मी गिळली. कारण मलाही तिने जायला नको होतं. शटर पडलं की मी परत बागेतल्या बाकावर, इतर पेन्शनरांच्या गुडघ्यांची वर्णनं ऐकत. आणि त्याहून मोठं म्हणजे, ही मुलगी मशीनपुढे उभी असते तेव्हा फार आनंदात असते, ते मी रोज बघत होतो. मी कबूल केलं. गिऱ्हाईक म्हणेल तसं. लाल पेन खिशातून काढणार नाही.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी मोठी ऑर्डर आली. मी त्या वेळी केस कापायला गेलो होतो. परत आलो तर हर्षालीचा चेहरा उजळलेला.

"सव्वीस गाड्यांचं काम मिळालं! चांदवडकडचे वाल्मीकभाऊ आले होते. कांद्याच्या पिकअप चालवतात त्यांच्या गावातली पोरं. सगळ्यांना एकच स्टिकर हवा, पुढच्या काचेवर. त्यांनी कागदावर हाताने लिहिलेलं दिलंय, तसंच्या तसं कापायचं. बाबा, तसंच्या तसं. या कामात काही बोलू नका. हे काम नीट झालं तर आसपासच्या गावांतल्या गाड्यासुद्धा आणतो म्हणाले. मग सातपूरला नाही म्हणून कळवून टाकीन."

तिने कागद स्कॅन करून अक्षरं कॉम्प्युटरवर घेतली आणि रोल आणायला शहरात रविवार कारंजाला गेली. जाताना म्हणाली, "पांढरा रोल लावलाय, फाइल उघडी आहे, फक्त बटण दाबा. वाल्मीकभाऊ चार वाजता न्यायला येतील."

मी पडद्यासमोर बसलो. पडद्यावर होतं, 'आईचा आर्शिवाद'.

जाड, थरथरत्या रेघांची अक्षरं. नवशिक्याने पाटीवर गिरवावीत तशी. शेवटचा 'द' जरा ओळखीचा वाटला, पण माझं लक्ष रफारावरून हलेना. एक गाडी असती तर मी डोळे मिटून घेतले असते. सव्वीस! सव्वीस गाड्या हा शब्द कपाळावर घेऊन नाशिकपासून मालेगावपर्यंत फिरणार, आणि कापणार कोण, तर मी. मला राहवेना. जित्याची खोड, दुसरं काय!

माऊसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची, एवढं मला येत होतं. मी रफार उचलला आणि 'वा'वर ठेवला. पहिली वेलांटी उचलली, उलटी फिरवली, 'श'च्या पुढे नेऊन बसवली. शब्द बरोबर झाला. मला इतकं बरं वाटलं, जसं काही वर्गातलं सगळ्यांत मठ्ठ पोर पास झालं. बटण दाबलं. सव्वीस प्रती कापल्या, चिमट्याने सोलल्या, गुंडाळी करून चार वाजता वाल्मीकच्या हातात दिल्या. पस्तिशीचा, हसरा, घाईतला माणूस. त्याने न उघडताच गाडीत टाकली. हर्षाली आली तेव्हा मी निरागस चेहऱ्याने केळं खात होतो. मनात म्हणत होतो, कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

पाच-सहा दिवस मी तसाच निर्धास्त. अष्टमीच्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं, 'दिलेला शब्द दोनदा वाचावा.' मला स्वतःलाच ते वाक्य आवडलं. अकराच्या सुमारास दुकानासमोर पिकअप थांबली आणि वाल्मीक गुंडाळी घेऊन आत आला. या वेळी हसत नव्हता.

"ताई, हे काय केलंत? माल घेऊन बाहेर होतो, काल रात्री घरी आल्यावर उघडलं. हे आमचं नाय."

हर्षालीने गुंडाळी उलगडली, मूळ कागद काढून काउंटरवर शेजारी ठेवला. वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"बाबा?"

"मी फक्त रफार त्याच्या जागेवर ठेवला," मी म्हणालो. "आणि वेलांटी. बाकी कशाला हात लावला नाही."

"पण का?" वाल्मीक म्हणाला. "तसंच्या तसं सांगितलं होतं की मी."

"अहो, तुमचा शब्द चुकीचा होता. मी तुमच्या भल्यासाठीच..."

"माहितीय मला चुकीचा हाय ते! सातवीत याच शब्दावर छड्या खाल्ल्यात मी." तो काउंटरवर हात टेकून उभा राहिला. "काका, ते माझ्या आईनं लिहिलेलं हाय. गावात पहिली पिकअप आमी घेतली, तवा कागदांवर आईनं सही केली. अंगठा नाय, सही. आमच्या वाडीत त्या वयाच्या बायकांत लय थोड्याजणी सही करतात. मग तिनंच ब्रशनं काचेवर हे लिहिलं. बारा वर्षं झाली, त्या गाडीला कधी खरचटलं नाय. म्हणून बाकीच्या पोरांना पण कुसामावशीच्या हातचंच पाहिजे. हे असलं नीटनेटकं बघितलं की म्हणतात, हे मावशीचं नाय, हे दुसऱ्या कुणाचं तरी हाय. परवा दसरा. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

त्याच्या बोलण्यात राग कमी आणि वाईट वाटणं जास्त होतं, म्हणून ते मला जास्त लागलं.

हर्षाली माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," एवढंच म्हणाली. वाल्मीकला म्हणाली, "भाऊ, चूक आमची आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता परत कापून देते, नाहीतर दुसरीकडून करून घ्या, मी काही म्हणणार नाही." आणि मग माझ्याकडे न बघता, "बाबा, मी उद्या सातपूरला हो म्हणून सांगते. तुमच्याच्याने राहवणार नाही आणि माझ्याच्याने तुम्हाला दुकानातून उठववणार नाही." ती मागच्या बाजूला रोल आवरायला गेली. तिचे डोळे भरले होते, ते मला दिसलं.

मी चिमटा हातात घेऊन बसून राहिलो. पस्तीस वर्षांत इतका नापास मी कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी मोठ्याने वाचत असल्याचा आवाज आला. अक्षर अक्षर लावत. "चि-क-टू... स्टि-कर्स. येथे... सर्व... प्रकारचे..."

"आई हाय," वाल्मीक म्हणाला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आज नवा चष्मा घेतला. सकाळपासून नाशकातल्या सगळ्या पाट्या वाचत चाललीय. पंचवटीपासनं माझं डोकं उठवलंय."

"दि-ले-ला... शब्द... दो-नदा..." आवाज थांबला. मग पायऱ्यांवर पावलं, आणि एक साठीची बाई दारात उभी राहिली. हिरवं लुगडं, जाड काळ्या काड्यांचा कोरा चष्मा. तिने दुकानात सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "फळ्यावर कोणी लिवलंय?"

"मी," मी म्हणालो. मला वाटलं, आता यांना सुविचारातही काही सापडलं.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "रंगनाथ गुर्जी ना तुमी? आमच्या वाडीवर साळेत व्हते? त्यो 'द' बघूनच म्हणलं मी. असलं शेपूट दुसरं कोण काढीत नाय."

मी उठून उभा राहिलो. मला ती ओळखू येईना, आणि मग एकदम आली. कुसाबाई. पहिल्या रांगेत बसणारी, कडेवर रडकं पोर घेऊन पाटीवर गिरवणारी. ते रडकं पोर आता काउंटरला टेकून उभं होतं.

आता कारण सांगतो, मघाशी म्हणालो होतो ते.

नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. साक्षरतेची मोहीम आली. शाळा सुटल्यावर तासभर बायकांचा वर्ग घ्यायचा. वाडीवरच्या वीसेक बायका यायच्या. त्यांना गणित नको होतं, इतिहास नको होता. त्यांना माहेरी पत्र लिहायचं होतं. म्हणून मी फळ्यावर पत्र लिहून दिलं. 'तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार.' आणि शेवटी, 'तुमचा आर्शिवाद असू द्यावा.' हो, आर्शिवाद. मला तो शब्द तसाच येत होता. महिनाभर त्यांनी तो गिरवला. मग माझी बदली झाली, वर्ग बंद पडला. पुढे कळवणला एकदा विस्तार अधिकारी वर्गावर आले, फळ्यावरचा शब्द बघून पोरांसमोर म्हणाले, "गुरुजी, तुमचा रफार उडून भलतीकडेच बसलाय." चौथीची पोरं हसली. कान इतके तापले की आजही आठवलं तरी तापतात. त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. हजारो पोरांचा सुधारला. पण त्या वीस बायकांकडे परत जाऊन सांगायचं धाडस मला झालं नाही. चांदवड काही लांब नव्हतं. एसटीने दोन तास. मला लाज वाटत होती, एवढंच. ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही.

आता ती सांगावीच लागली. खाई त्याला खवखवे. मी म्हणालो, "कुसाबाई, तो शब्द मी तुम्हाला चुकीचा शिकवला. मलाच येत नव्हता. नंतर कळलं, पण मी सांगायला आलो नाही. मला माफ करा."

मागे रोल आवरण्याचा आवाज थांबला होता. वाल्मीक तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याच्या छड्यांचा मूळ मालक समोर उभा होता.

कुसाबाई मात्र हसल्या. "मला काय ठाऊक नाय व्हय? ह्यानं सातवीत घरी येऊन पुस्तकात दाखवलं की. म्हणलं, आसंल पुस्तकात तसं. पण मला हाताला धरून लिवायला कोणी शिकवलं? पुस्तकानं का गुर्जींनी? आईला पयलं पत्र धाडलं, त्यात हेच लिवलं व्हतं. तिनं पोस्टमनकडनं वाचून घेतलं आन् चार दिस सगळ्या गावाला दाखवीत हिंडली. रफार कुठं हाय ते तिला कोण सांगणार? आशीर्वाद तर पोचला ना."

मजा बघा. बोलताना ती बाई तो शब्द अगदी स्वच्छ, शुद्ध बोलली.

मला डोळे पुसायचे होते पण हातात चिमटा. तिनेच काउंटरवरचा कागद ओढला, तिने लिहिलेला मूळ कागद, आणि माझ्यासमोर सरकवला.

"एक काम करा गुर्जी. आमची परीक्षा राहिली. तुमची बदली झाली ना. साळेतल्या पोरांच्या वहीत तुमी लाल पेनानं बरोबर काढायचे, आन् आमाला पाटीवर निस्तं खडूचं. घरी जाईस्तवर पुसून जायाचं. मला लय वाटायचं, आपल्याला पण कागदावर मिळावं एक."

पेन खिशात होतंच. मी टोपण काढलं. कागदावर 'आईचा आर्शिवाद', थरथरत्या रेघा, शेवटी माझंच शेपूट असलेला 'द'. मी आयुष्यात चुकीच्या शब्दावर बरोबरची खूण केलेली नाही. इथे केली. चांगली मोठी, ऐटीत, वरपर्यंत ओढलेली. खाली सही केली.

कुसाबाईंनी कागद लांब धरून, जवळ धरून, नव्या चष्म्यातून तीनदा बघितला. "पास," त्या वाल्मीकला म्हणाल्या.

हर्षाली कधी पुढे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने नाक पुसलं, कागदाकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत ती दुकानदाराची चमक आली. "मावशी, ही खूणसुद्धा घेऊ का स्टिकरमध्ये? अक्षरं पांढरी, खूण लाल. लाल रोल आहे माझ्याकडे."

"घे की. आता पास झालीय तर सगळ्यांना दिसू दे."

मी हर्षालीला म्हणालो, "मी चुकलो. तुला शब्द देऊन मोडला."

"शंभर वेळा लिहून द्या," ती म्हणाली. "पण आधी सोलायला बसा. सव्वीस आहेत."

त्या दुपारी मशीन सरसरत राहिलं. मी आणि कुसाबाई समोरासमोर बसून सोलत होतो. नव्या चष्म्याने त्यांचा हात माझ्याहून चांगला चालत होता आणि ते त्या मला दर पाच मिनिटांनी सांगत होत्या. वाल्मीक नाक्यावरून मिसळ घेऊन आला. रफार 'शि'वरच राहिला. मी त्याच्या भोवतीचा कागद अगदी जपून काढला, एकही फाटू दिला नाही.

दसऱ्याला सकाळी सव्वीस गाड्या झेंडूचे हार घालून हायवेवर आल्या, तसा वाल्मीकने फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत ओझरचा एक ट्रॅक्टरवाला विचारत आला, "ते लाल टिकवालं आर्शिवाद इथंच मिळतं का?" मग पिंपळगावचे दोघे. मग तो दूधवालाही आला आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, "ऱ्हस्वच पाहिजे, पण टिक मारून." मी न बोलता लाल रोल लावला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता हर्षालीचा फोन वाजला. सातपूरहून होता, नोकरीचं काय ठरलं ते विचारायला. तिचे दोन्ही हात चिकट होते. तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फोन उचलला आणि सांगितलं, "ताई कामात आहेत. आणि त्यांचं उत्तर नाही असं आहे."

"आपण कोण बोलताय?" पलीकडून विचारलं.

"मी त्यांच्याकडे कामाला आहे," मी म्हणालो.